जुन्या विलायती नियतकालिकांतले मूल आणि आपले मूल

बालपण सगळ्यांना सारखेच मिळते, जात आणि वर्ग त्यानंतर येऊन चिकटतात, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बालदिनाच्या भाषणांत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते. मला ते खरे वाटत नाही. मूल जन्माला येते हे निसर्गाचे काम. पण त्या मुलाला बालपण द्यायचे की नाही हे समाज ठरवतो. कोणाचे मूल 'मूल' म्हणून पाहायचे आणि कोणाचे नुसते आणखी एक खाणारे तोंड किंवा आणखी दोन हात म्हणून मोजायचे, हे ठरवण्यात छापील कागदाचा वाटा फार मोठा आहे. त्याचा विचार आपल्या चळवळीने पुरेसा केलेला नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून अनेक वर्षे इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी सचित्र साप्ताहिके आणि मासिके वाचण्याचा नाद लागला. हे जुने अंक आता संगणकावर पाहायला मिळतात. पूर्वी त्यासाठी मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागत. मेहकर-चिखलीकडच्या माणसाला विलायतेतल्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या तान्ह्या बाळांशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात बाई गरोदर राहिली की भिंतीवर एक चित्र लागते. गोरेपान, गुबगुबीत, कुरळ्या केसांचे, निळ्या डोळ्यांचे बाळ. बाईच्या डोळ्यांसमोर ते असावे म्हणजे पोटातले मूलही तसे निपजेल. हे बाळ आपल्या वस्तीत आले कोठून? सावळ्या आईच्या, सावळ्या बापाच्या घरात त्याला ही जागा कोणी दिली? हा प्रश्न मला त्या जुन्या अंकांपर्यंत घेऊन गेला.

सुरुवात १८४२ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या मे महिन्यात लंडनमध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे साप्ताहिक निघाले. बातमीबरोबर चित्र द्यायचे, लाकडी ठशांवर कोरून छापायचे, ही त्याची नवी रीत. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या बालकामगार आयोगाचा खाणींविषयीचा अहवाल बाहेर पडला. अहवालात शब्दांबरोबर चित्रेही होती. कमरेला पट्टा आणि साखळी बांधून कोळशाची गाडी ओढत चार पायांवर सरपटणारी मुले, अंधारात खाणीची झडप उघडण्यासाठी दिवसदिवस एकटी बसलेली पाच-सहा वर्षांची पोरे. वर्तमानपत्रांनी ही चित्रे आणि त्यांची वर्णने उचलून धरली. सभ्य समाज हादरला. त्याच वर्षी कायदा झाला आणि दहा वर्षांखालील मुलगे व सर्व वयाच्या स्त्रिया व मुली यांना खाणीखाली उतरवण्यास बंदी आली. पुढच्या वर्षी 'ब्लॅकवुड्स' मासिकात एलिझाबेथ बॅरेट यांनी कारखान्या-खाणींतल्या मुलांवर लिहिलेली कविता गाजली. म्हणजे एका अर्थी नियतकालिकाने मुलाला वाचवले, हे मान्य केले पाहिजे. इंग्रजांचे सगळेच खोटे होते असे म्हणण्याचा आळस मी करणार नाही.

पण ही मुले चित्रांत दिसतात तेव्हा ती कोणासाठी दिसतात, हेही पाहिले पाहिजे. ती वाचणाऱ्यासाठी दिसतात. वाचणारा खुर्चीत बसलेला आहे, त्याच्या घरातले मूल वरच्या मजल्यावर दाईच्या देखरेखीखाली झोपलेले आहे आणि तो खाणीतल्या मुलाची कणव करतो आहे. चित्रातले मूल बोलत नाही. अपवाद थोडे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९-५० मध्ये 'मॉर्निंग क्रॉनिकल'साठी लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत रस्त्यावर पालेभाजी विकणारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. मेह्यू तिच्याशी खेळण्यांविषयी, बागांविषयी बोलू पाहतो आणि ती मात्र भाजीच्या जुड्यांचे भाव आणि नफा-तोटा सांगत राहते. बाग म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही. आणि समजावून सांगितल्यावर तिला पहिली शंका येते ती आपल्यासारख्यांना तिथे आत घेतात की नाही याची. हा मजकूर वाचताना मी थबकलो. ही शंका आपल्या ओळखीची आहे. लंडनच्या त्या मुलीला ती गरिबीने शिकवली. आपल्याकडे मात्र पैसा आला तरी ही शंका सुटत नाही.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चित्र पालटले. खाणीतले मूल मागे पडले आणि सुंदर मूल पुढे आले. सचित्र साप्ताहिकांचे नाताळचे खास अंक निघू लागले आणि त्यांबरोबर भिंतीवर लावण्यासाठी मोठी रंगीत चित्रे मिळू लागली. १८८० च्या नाताळात 'द ग्राफिक'ने जॉन मिले या चित्रकाराने काढलेले एका लहान मुलीचे चित्र असे वाटले आणि अंकाच्या लाखो प्रती खपल्या. साम्राज्यातल्या दूरदूरच्या घरांत ते भिंतीवर लागले. याच मिलेने १८८६ मध्ये आपल्या नातवाचे, साबणाचे फुगे उडवणाऱ्या कुरळ्या केसांच्या मुलाचे, चित्र काढले. ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या मालकाने विकत घेतले आणि पुढे पीअर्स साबणाच्या कंपनीला विकले. कंपनीने त्यात आपल्या साबणाची वडी घातली आणि ते जगभर पोहोचवले. कलेतले निष्पाप मूल असे दोन व्यवहारांत साबणाचे गिऱ्हाईक गोळा करणारे मूल झाले. (हा नातू पुढे आरमारात ॲडमिरल झाला, तरी लोक त्याला त्या फुग्यांच्या नावानेच ओळखत राहिले.) मेलिन्स फूडसारख्या बालान्नाच्या जाहिरातींतही हीच गुबगुबीत बाळे. आपल्या भिंतीवरचे बाळ ते हेच. त्याची वंशावळ मला सापडली ती दुकानात.

आता याच साबणाची दुसरी जाहिरात पाहू. १८८४ मध्ये 'द ग्राफिक'मध्ये ती छापली गेली. वरच्या चित्रात एक काळा मुलगा टबात बसला आहे आणि एक गोरा मुलगा हातात साबण घेऊन त्याला आंघोळ घालायला उभा आहे. खालच्या चित्रात आंघोळ झाली आहे, काळ्या मुलाचे अंग मानेपासून खाली पांढरे झाले आहे, तोंड मात्र अजून काळेच आहे आणि गोरा मुलगा त्याला आरसा दाखवतो आहे. वाचकांनी हसावे अशी योजना. दोन मुले आहेत, म्हणून त्यात कोणाला क्रौर्य दिसत नाही. मोठ्या माणसांच्या चित्रात जे उघड दिसले असते ते मुलांच्या चित्रात गोंडस होऊन जाते. चार्ल्स किंग्जलेची 'वॉटर बेबीज' ही गोष्ट १८६२-६३ मध्ये 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये क्रमशः आली होती. तिच्यातला धुराडी साफ करणारा टॉम नावाचा पोरगा आरशात पहिल्यांदाच स्वतःला पाहतो, आपल्याच काळ्या ध्यानाला घाबरतो आणि शेवटी पाण्यात पडून स्वच्छ, नवा जीव होतो. गरिबाचे मूल, काळे मूल आणि घाणेरडे मूल ही तीन मुले या पानांवर एक होऊन जातात. आणि त्या तिघांवर उपाय एकच: पाणी आणि साबण. म्हणजे धुतले की मूल आपल्यात घेण्याजोगे होते, निदान अर्धे तरी.

आपल्या समाजातल्या वाचकाने या ठिकाणी हसू नये आणि रडूही नये, तुलना करावी. १९०१ साली साताऱ्याहून काही मुले आगगाडीने आपल्या वडिलांना भेटायला निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला; 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने तो १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केला. मुले प्रवासाच्या हौसेने नटलेली होती. अंगात विलायती कापडाचे नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायांत नवे जोडे. मसूर स्टेशनच्या मास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. तो त्यांच्याशी मायेने बोलला. मग त्याने कोण म्हणून विचारले आणि मुलांनी महार म्हणून सांगितले. मास्तर पाच पावले मागे सरला. त्यानंतर त्या मुलांना कोणी गाडीवान मिळेना, आणि रात्रभर पाणी मिळाले नाही.

पीअर्सच्या जाहिरातीत मळ कातडीवर आहे. म्हणून तो निघेल की नाही याची निदान थट्टा तरी करता येते. मसूरच्या स्टेशनावर कातडी स्वच्छ होती, कपडे स्वच्छ होते, मुले गोंडस होती. विलायती मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभली असती. मळ होता तो एका शब्दात. आणि मळ काढायला ज्या पाण्याची गरज, त्याच पाण्याला हात लावायची बंदी. गोऱ्याने काळ्या मुलाला टबात बसवून हिणवले. आपल्याकडे टबच काढून नेला. गोऱ्यांचा वंशद्वेष आणि आपला जातिभेद एकच आहेत असे अनेक मित्र घाईने म्हणतात, त्यांनी ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत मुलाचा अपमान आहे, पण पद्धत निराळी आहे, आणि लढ्याची पद्धतही म्हणून निराळी असावी लागते. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते स्वच्छ होण्यासाठी नव्हे.

हिंदुस्थानातले मूल या विलायती पानांवर कसे येत होते? आधी ते मिशनऱ्यांच्या प्रकाशनांतून आले. गंगेच्या काठी उभी राहून आपले तान्हे मूल मगरींपुढे टाकणारी आई हे तिथले एक आवडते चित्र होते. बंगालच्या सागर बेटावर नवसाची मुले पाण्यात सोडण्याची प्रथा होती आणि वेलस्लीने १८०२ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, हे खरे. पण बंदीनंतर कितीतरी वर्षे ते चित्र छापले जातच राहिले, जणू हिंदुस्थानातली प्रत्येक आई रोज सकाळी हेच करते. मुलांसाठी निघणाऱ्या मिशनरी मासिकांतून इंग्रज मुलांना अशा कथा सांगून पै-पैसा गोळा केला जाई. १८४४ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने 'जॉन विल्यम्स' नावाचे जहाज मुलांनी जमवलेल्या पैशांतून बांधून घेतले. 'आंट ज्यूडीज मॅगझिन'च्या बालवाचकांनी लंडनच्या बालरुग्णालयातल्या खाटांचा खर्च उचलला. वाईट काही नाही यात. फक्त एवढेच की देणारे मूल आणि घेणारे मूल यांची जागा तेव्हाच पक्की होऊन जाते. देणाऱ्याला नाव असते, घेणाऱ्याचे चित्र असते.

नंतर बालवधू आणि बालविधवा आली. १८८४ मध्ये मलबारींची टिपणे निघाली, १८८५ मध्ये रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या नावाने पत्रे लिहिली, त्याच वर्षी लंडनला स्टेड या संपादकाने 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये अल्पवयीन मुलींच्या विक्रीची लेखमाला छापून खळबळ उडवली आणि तिकडे संमतिवय तेराचे सोळा झाले. इकडे १८९१ मध्ये ते दहाचे बारा करताना केवढे रण माजले हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. या सगळ्या वादात जे हिंदू मूल विलायतेला दिसले ते मुख्यतः वरच्या जातीच्या घरातले. त्याचे दुःख खरे होते. त्या दुःखावर प्रत्यक्ष काम कोणी केले? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येत होते, मूल ठेवून जाता येत होते. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. मगरींपुढे मूल टाकणाऱ्या आईची चित्रे विकून पैसा जमवणारी मासिके एका बाजूला, आणि दुसऱ्याच्या जातीचे, आपल्याच विरोधकांच्या घरातले मूल पदरात घेणारे माळ्याचे जोडपे दुसऱ्या बाजूला. या प्रसंगाचे चित्र कोणत्या सचित्र साप्ताहिकात माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. खामगावचा कापूस बाजार असा वाढला की १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकून त्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने केले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, १९०५ मध्ये ते बुलढाण्यात आले.) वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा, त्यामुळे अमेरिकेचा माल परत सुरू झाल्यावर मँचेस्टरने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो युरोपात इतरत्र, पुढे जपानकडेही जाऊ लागला. तेव्हा मिलेच्या चित्रांतल्या मुलांचे झगे आपल्या खामगावच्या कापसाचे होते असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. पण ज्या व्यापाराने त्या मुलांच्या घरांत सुबत्ता आणली त्याच व्यापाराने आपल्या मुलांना शेतात उभे केले, एवढे म्हणायला हरकत नाही. कापूस वेचायला लहान हात बरे. आई ओटीत कापूस वेचते, तान्हे मूल धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि सहा वर्षांची बहीण झोळीला झोके देता देता स्वतःही बोंडे वेचते. हे दृश्य मी माझ्या नोकरीच्या काळातही दर हिवाळ्यात पाहिले आहे. वर्गातले बाक रिकामे दिसले की वेचणी सुरू झाली असे आम्ही शिक्षक समजत असू.

शेतानंतर जिनिंग. पहिला हिंदी फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. सातव्या वर्षी नऊ तास! ज्या काळात तिकडे 'द ग्राफिक'ची मुलगी घराघरांत लागत होती, तो हा काळ. त्यातही कायदा लागू होता तो शंभरावर माणसे आणि वर्षात निदान चार महिने काम असणाऱ्या कारखान्यांना. जिनिंगचा हंगाम आखूड. म्हणजे वऱ्हाड-खानदेशातल्या जिनांतली मुले बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या बाहेरच राहिली. सरकीच्या धुळीत काम करणाऱ्या त्या मुलांपर्यंत कायदा पोहोचायला १९११ उजाडावे लागले. हा कायदा व्हावा म्हणून विलायतेत जोर लावणाऱ्यांत मँचेस्टरचे गिरणीमालकही होते, कारण मुंबईच्या गिरण्यांची स्वस्त मजुरी त्यांना खुपत होती. कणव आणि धंदा एका गाडीत बसून आले. तरीही कामगारांच्या बाजूने इथे जे बोलले गेले ते 'दीनबंधू'तून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लेखणीतून. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारला अर्ज पाठवला. सत्यशोधकांचे हे पत्र विलायती सचित्र साप्ताहिकासारखे देखणे नव्हते. त्यात कुरळ्या केसांची बाळे नव्हती.

मग दुष्काळ. १८७७ च्या मद्रासकडच्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना गटागटाने बसवून फोटो काढले. अशा फोटोंवरून कोरलेली चित्रे इंग्रजी सचित्र पत्रांत आली. हाडांचा सापळा झालेले मूल आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई ही आकृती तिथून रूढ झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत तिची पुन्हा पुन्हा आवृत्ती निघाली. हे दोन्ही दुष्काळ वऱ्हाडावर आले. दुसऱ्याने तर बुलढाण्याला पिळून काढले आणि १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. चित्रांखाली मथळा असे: दुष्काळपीडित नेटिव्ह. हा 'नेटिव्ह' शब्द मला बोचतो, पण नेहमीच्या कारणासाठी नव्हे. त्याने जात पुसली. पेवात धान्य असलेला पाटीलही नेटिव्ह, आणि ज्याच्याजवळ पेवही नाही, शेतही नाही, गावाने टाकलेल्या भाकरीवर ज्याचे घर चालते तो महार-मांगही नेटिव्ह. गावाचीच भाकर आटली म्हणजे आधी कोणाचे मूल मरणार हे सांगायला आकडे लागत नाहीत. आपली मुले त्या पानांवर आली असतील तर ती अशी आली, मरताना, आणि बिननावाची. त्यांना कोणी उपाशी ठेवले होते हे चित्रात कोठेच नाही. पाऊस पडला नाही एवढेच आहे.

एक चित्र मात्र या सगळ्यांहून निराळे आहे आणि ते नेहमी कोपऱ्यात असते. साहेबाचे गोरे बाळ कडेवर घेतलेली आया. बुलढाणा हे घाटावरचे थंड हवेचे ठाणे, इंग्रज अधिकाऱ्यांच्या आवडीचे. अशा प्रत्येक ठाण्यात बंगले होते आणि बंगल्यांत आया होत्या. सवर्ण बाईला साहेबाच्या घरचा विटाळ. म्हणून या आयांत अस्पृश्य आणि ख्रिस्ती बायका पुष्कळ असत. पाच-सहा वर्षांचे झाले की साहेबाचे मूल शिक्षणासाठी विलायतेला धाडले जाई. किपलिंग असाच १८७१ मध्ये मुंबईहून गेला. ही मुले मोठेपणी आठवणी लिहीत आणि त्यांत आयेची आठवण मायेने काढत. ज्या बाईच्या हातचे गावात कोणी पाणी पीत नव्हते तिच्या कुशीत राज्यकर्त्यांची मुले वाढली, हा इतिहासाचा विनोद. त्या काळात आयेचे स्वतःचे तान्हे कोठे होते, त्याला दूध कोण पाजत होते, हे एकाही आठवणीत माझ्या वाचनात आले नाही.

आता पुन्हा १८४२ कडे जातो, कारण त्या वर्षी आणखी एक नियतकालिक निघाले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केले. लंडनच्या साप्ताहिकाच्या मानाने अगदी दरिद्री पत्र. या 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध छापला गेला. मुक्ता फुल्यांच्या शाळेतली. आपल्यातल्या बहुतेक कार्यकर्त्यांना हा निबंध ठाऊक आहे. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न सभांतून वारंवार सांगितला जातो आणि सांगितलाच पाहिजे. पेशवाईत मांग-महारांना इमारतींच्या पायात पुरत, हेही तिने लिहिले. पण तिने आणखी एक गोष्ट लिहिली, जिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते आणि थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिने स्वतःच्या अनुभवाने समजावे असे सांगितले.

या ओळीचे महत्त्व मला त्या विलायती अंकांची पाने उलटून झाल्यावर कळले. १८५५ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या मासिकांत पाळण्याभोवती जाळीचा पडदा असलेल्या बाळांची चित्रे काढण्याची तयारी चालली होती. खाणीतल्या मुलाचे दुःख आयोगाच्या सभासदाने सांगितले होते, भाजीवालीचे दुःख मेह्यूने लिहून घेतले होते. इथे मात्र कोणी मोठा माणूस मध्ये नाही. जिला स्वतःलाच मूल म्हणावे अशा वयाची मुलगी नवजात बाळाविषयी बोलते, आणि बोलते ते बाळ किती गोड आहे हे नव्हे. ते कोठे जन्मले, त्याच्यावर छप्पर आहे काय, बाळंतिणीला वैद्य-औषध मिळाले काय, हे ती विचारते. कीव करा असे तिच्या मजकुरात नाही. तिने कारणे विचारली आहेत आणि कारणांची नावे घेतली आहेत. दयेचे वाङ्मय आणि हक्काचे वाङ्मय यांतला फरक कोणी विद्यार्थ्याने मला विचारला तर मी त्याला आधी 'द ग्राफिक'चा नाताळ अंक दाखवीन आणि मग हा निबंध वाचायला देईन.

मधल्या काळात मराठीत मुलांची मासिके निघाली. १८७३ चा मिशनचा 'बालबोधमेवा', १८८१ चे विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध', १९०६ चे वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद'. भाषेची सेवा त्यांनी केली. त्यांतली चरित्रे मी स्वतः वर्गात वाचून दाखवली आहेत. पण त्या पानांवरचे घर म्हणजे ओसरी, माजघर आणि देवघर असलेले घर, आणि त्यातले मूल म्हणजे मुंज झालेले किंवा व्हायचे मूल. विलायती नर्सरीचे हे देशी भाषांतर होते. छप्पर नसलेल्या घरातले बाळ तिथे आले नाही. ते परत आले तब्बल सव्वाशे वर्षांनी. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्यात महारवाड्यातल्या बाळंतपणाची वर्णने आहेत. पोटात अन्नाचा कण नसलेली ओली बाळंतीण, अडाणी सुईणींचे प्रयोग, कोवळ्या पोरींचे जाणारे जीव. मुक्ताने एका वाक्यात ठेवलेली गोष्ट बेबीताईंनी पानेच्या पाने उलगडली, आणि दोघींनीही ती नियतकालिकातूनच सांगितली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बालमृत्यूचा उल्लेख आला म्हणून थोडे. १९०० च्या सुमारास खुद्द इंग्लंडात दर हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत मरत. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात यायला आलेली तरुण पोरे किडकी निघाली तेव्हा तिथे एकदम तान्ह्या बाळांची काळजी सुरू झाली. १९०४ मध्ये समितीचा अहवाल, १९१७ मध्ये बाल-सप्ताह. साम्राज्याला शिपाई हवे होते. ती लाट १९२४ मध्ये लेडी रीडिंगच्या बाल-सप्ताहाने हिंदुस्थानातही आली. त्या काळात इथला बालमृत्यूचा दर हजारी दोनशेच्या वर होता. आपल्या बायकांनी यावर शोधलेला उपाय सरकारी नव्हता. लागोपाठ मुले दगावली की नवीन जन्मलेले पोर उकिरड्यावर ठेवायचे, दुसऱ्या बाईने ते उचलून आणायचे आणि त्याचे नाव ठेवायचे कचरू, उकर्डा, धोंडू, दगडू. मरणाला वाटावे की हे कोणाला नको असलेले आहे, आणि त्याने सोडून द्यावे. ही नावे इतर जातींतही होती. पण सवर्णाच्या घरी दगडू हा एखादा नवसाचा असे. आपल्याकडे चांगले नाव ठेवले तर गावच ते मोडून काढी. दया पवारांच्या 'बलुतं'मधला नायक दगडू मारुती पवार याच नावाने स्वतःशी बोलतो.

जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे ज्यांनी चाळली असतील त्यांना हे ठाऊक आहे. आज जातीच्या दाखल्यासाठी पन्नास सालापूर्वीचा पुरावा शोधत लोक येतात तेव्हा हीच रजिस्टरे कपाटातून काढावी लागतात. त्यांत नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. विलायतेत 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर बड्या घरांच्या जन्मांची नोंद रोज छापली जात होती, तारखेसह. आमच्या वस्तीतल्या मुलांची जन्मतारीख पाहाल तर एक जून, एक जून, पुन्हा एक जून. आई सांगायची, पोळ्याच्या आसपास झाला, नाहीतर मोठा पूर आला होता तेव्हा झाली. मास्तर शाळा उघडण्याचा महिना धरून तारीख टाकून मोकळा होई. माझी स्वतःची तारीखही एक जूनच आहे, आणि माझ्या निवृत्तीच्या कागदांवर ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे.

सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे पाळणा म्हटला की जिजाऊंचा पाळणा इथे सगळ्यांना आठवतो. आपल्या वस्त्यांत चौदा एप्रिलच्या पहाटे दुसरा एक पाळणा हलतो. फुलांनी सजवलेला, त्यात बाबासाहेबांचे छोटे चित्र, आणि भोवती बायका भीमजन्माचा पाळणा म्हणतात. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला फटाके आणि पहाटे हा पाळणा. ज्या समाजाला आपल्या लेकरांच्या जन्मतारखा माहीत नव्हत्या त्याने एक जन्मतारीख अशी पाठ करून ठेवली. त्या बायकांत कितीतरी अशा असतात ज्यांच्या घरी भिंतीवर अजून निळ्या डोळ्यांचे बाळ लावलेले आहे. दोन्ही चित्रे एकाच खोलीत, एकाच खिळ्याच्या रांगेत.

१९५६ नंतरच्या रजिस्टरांत नावांचा रकाना बदलत जातो. ऑक्टोबरमध्ये नागपूरला दीक्षा झाली, डिसेंबरात बाबासाहेब गेले, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पहिलीत येणारी मुले सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, गौतम, संघमित्रा, सुजाता या नावांची दिसू लागतात. बापाचे नाव कचरू, आजोबाचे उकर्डा, मुलाचे आनंद. जन्मतारखेच्या रकान्यात मात्र त्याही वर्षी एक जूनच लिहिलेले आहे.